गुलाम, सत्ती, तिर्री

पाठकबाईंनी माझी तीन पानं आपल्या पानांशेजारी धरली, चष्म्यातून एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझी मोठी. मी पॅक."

आपली पानं गादीवर पालथी टाकून त्या पंखा वाढवायला उठल्या. उठताना पदराचं टोक पानांना लागलं आणि दोन पानं उलटली. बदामचा राजा आणि इस्पिकचा राजा. माझ्याकडं होती नव्व्यांची जोडी.

राजांची जोडी नव्व्यांच्या जोडीपेक्षा मोठी, हे तीन पत्ती पहिल्यांदा खेळणारीलाही कळतं. पाठकबाई कन्याशाळेत अठरा वर्षं गणित शिकवत होत्या. त्या परत येऊन बसेपर्यंत मी ती पानं पुन्हा पालथी करून ठेवली. का ठेवली ते मला आजही नीट सांगता येत नाही. अंगाची मात्र लाही लाही झाली होती.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची, कराडची. मंडईजवळ मालनवहिनींच्या यजमानांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या वर एक खोली होती, निम्मी स्टीलच्या डब्यांच्या खोक्यांनी भरलेली. उरलेल्या निम्म्या जागेत गादी टाकून दर बुधवारी दुपारी दोन ते पाच आमचा अड्डा बसायचा. चौघीच आम्ही. मालनवहिनी, पाठकबाई, हौसाक्का आणि मी. मी सगळ्यांत धाकटी, चौतीस वर्षांची. घरी पिको-फॉलचं मशीन चालवायची, मूलबाळ नव्हतं, आणि बुधवारची दुपार म्हणजे आठवड्यातली माझी एकटीची चैन होती.

आम्ही चिंचोक्यांनी खेळायचो. बसतानाच मालनवहिनींकडून पंचवीस रुपयांना पन्नास चिंचोके घ्यायचे आणि उठताना उरतील तेवढे परत द्यायचे. एकदा खेळ संपल्यावर मोजले, तर दिले होते त्यापेक्षा सत्तावीस जास्त भरले. कुणीतरी घरून चिंचोके आणले होते. कुणी आणले ते कुणी विचारलं नाही. मालनवहिनींनी पुढच्या बुधवारपर्यंत प्रत्येक चिंचोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि विषय संपला. आमच्या अड्ड्यात असंच चालायचं. बोलून कुणाला उघडं पाडायचं नाही.

तसाच साइड शोचा नियम. साइड शो मागणारीनं आपली पानं शेजारणीच्या हातात द्यायची. शेजारणीनं ताडून बघायची आणि कुणाची मोठी ते सांगायचं. जिची लहान, तिनं पॅक करायचं, म्हणजे त्या डावातून बाहेर व्हायचं. सांगणारीच्या शब्दावर सगळा भरवसा. तिची पानं बघायला मागायची नाहीत. आणि पॅक केलेली पानं तर कुणीच, कधीच उलटून बघायची नाहीत. हा नियम देवाची शपथ घेतल्यासारखा पाळला जायचा.

आता मुद्द्याचं सांगते. त्या वर्षी आषाढात माझा नवरा घर सोडून गेला. विम्याच्या कचेरीत होता. कचेरीतल्याच एका बाईबरोबर पुण्याला गेला. जाताना एक बॅग आणि दाढीचं सामान नेलं, आणि मला म्हणाला की तू समजूतदार आहेस. या एका वाक्यासाठी मी त्याला आजवर माफ केलेलं नाही. बाकीचं एक वेळ केलं असतं.

त्यानंतरच्या बुधवारी मी अड्ड्यावर गेले, पन्नास चिंचोके घेतले आणि सांगून टाकलं की यांची पुण्याला बदली झाली. सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही. मालनवहिनींनी विचारलं, बढतीवर का गं? म्हटलं, हो, बढतीवर. एकदा बदली दिली म्हटल्यावर बढतीही द्यावी लागली. पुढच्या बुधवारी कचेरीकडून दोन खोल्यांचं घर दिलं. त्याच्या पुढच्या बुधवारी त्याला खानावळीचं जेवण सोसत नाही म्हणून पोटदुखीही दिली. मालनवहिनी मान हलवायच्या. पाठकबाई म्हणायच्या, पुण्याच्या पाण्याचाच दोष असेल. मला वाटलं, निभावलं. कराडसारख्या गावात अशी बातमी दुधवाल्याच्या आधी घरोघर पोचते, हे मला कळत होतं. तरी या तिघींपर्यंत ती पोचलीच नाही, असं मी धरून चालले होते. धरून चालायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. ते गेलं असतं तर मला बाजारातून मान वर करून चालता आलं नसतं.

एकट्या हौसाक्का तेवढ्या मान हलवत नव्हत्या.

हौसाक्कांची पिठाची गिरणी होती, रविवार पेठेत. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं काटक, भुवयांतही पिठाचे कण. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातभर हिरव्या बांगड्या. त्यांचे यजमान मुंबईला गोदीत होते. आम्ही कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण मुंबईला माणूस असणं आमच्याकडं काही नवलाचं नव्हतं. बाई व्यवहाराला चिकट. ज्वारी दळताना चिमूटभर जास्त घट धरून तेवढं पीठ कमी द्यायच्या आणि अड्ड्यावर एक चिंचोका कुणाला सोडायच्या नाहीत. मला त्या पहिल्यापासून आवडायच्या नाहीत. बदलीची बातमी सांगितल्यावर त्यांनी सुपारी कातरता कातरता मला विचारलं होतं, "साहेबाची बदली झाली म्हनतीस, आन स्कूटर कशी गं जिन्याखालीच?"

त्यांना स्कूटर कुठून दिसली देव जाणे. मी जुनी चादर घालून ती झाकलेली होती. मी म्हटलं की पुण्यात फार गर्दी असते, तिथं स्कूटर चालवायला भीती वाटते. हौसाक्का नुसत्या "व्हय?" म्हणाल्या आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्यांना रोज एकदा तरी गिरणीत घालून दळत होते.

आणि गंमत म्हणजे त्याच महिन्यांत मला पानं लागायला लागली. निदान मला तसं वाटलं. पाच बुधवार ओळीनं मी जिंकून उठले. चाल केली की मालनवहिनी पॅक, साइड शो मागितला की पाठकबाई पॅक. सुरुवातीला चिंचोके घेतानाही हातात जरा जास्तच आल्यासारखे वाटायचे. एकदा मोजले तर छप्पन्न भरले. वाटलं, वहिनींची मोजायची चूक. घरी जाताना वीस-पंचवीस रुपये जास्तीचे असायचे आणि डोक्यात यायचं, चला, एक तरी गोष्ट माझ्या मनासारखी होतेय. हरायची ती फक्त हौसाक्कांकडं. त्या काही सोडायच्या नाहीत. तिघींत मिळून मला छळणारी एकच बाई, असा माझा हिशेब पक्का झाला होता.

तर ते दोन राजे. पंखा जोरात फिरायला लागला, पाठकबाई येऊन बसल्या, आणि तो डाव मी जिंकला. मालनवहिनी कौतुकानं म्हणाल्या, शालनला आजकाल देव पावतोय. मी समोरचे चिंचोके ओढून घेतले. प्रत्येक चिंचोका उचलताना तोंडावर फेकून मारावासा वाटत होता. पण कुणाच्या? अजून माझी पुरती खात्री नव्हती. गणिताच्या बाईचीही एखाद्या वेळी नजरचूक होऊ शकते. मी ठरवलं, एक डाव बघायचा. पानं काहीही येवोत, खेळायचं.

मालनवहिनींनी पानं वाटली. प्रत्येकीनं एकेक चिंचोका मधे टाकला. पाठकबाईंनी पानं न बघताच ब्लाइंड खेळली. मी माझी पानं उचलली. इस्पिकची दुर्री, बदामची पंजी, किलवरची नव्वी. तीन पत्तीत याहून वाईट फारसं काही येत नाही. एरवी मी डोळे मिटून पॅक केलं असतं.

मी दोन चिंचोके टाकले. हौसाक्कांनी पानं गादीवरच ठेवून एक ब्लाइंड टाकला. मालनवहिनींनी पानं बघितली, ओठ जरासे हलले, आणि दोन टाकले. पाठकबाईंनीही बघून दोन टाकले. माझी पाळी आली तशी मी सरळ दहा टाकले.

हौसाक्कांनी माझ्याकडं न बघता ब्लाइंडचे निम्मे, पाच टाकले. मालनवहिनींनी पानं पुन्हा एकदा बघितली आणि पाठकबाईंकडं बघितलं. नजर अगदी क्षणभरच गेली असेल, पण आज मी तीच बघायला बसले होते.

"मी पॅक बाई," मालनवहिनी म्हणाल्या. "शालनपुढं कोण टिकणार?"

"मीही," पाठकबाई म्हणाल्या.

दोघींची पानं माझ्यासमोर पालथी पडली होती. मी हात पुढं केला आणि सहाच्या सहा उलटली.

मालनवहिनींकडं चौकटची पाच, सहा, सात. एकाच रंगाची सलग तीन. अशी पानं आली तर माणूस घर विकून खेळतं. पाठकबाईंकडं दोन एक्के आणि एक राणी.

अड्डा सुरू झाल्यापासून सात वर्षांत पॅक केलेलं पान कुणी उलटलं नव्हतं. मालनवहिनींनी पदर तोंडाशी नेला. पाठकबाई म्हणाल्या, "शालन, हे बरोबर नाही. नियम आहे."

"नियम?" मी म्हणाले. माझा आवाज खाली दुकानात ऐकू गेला असणार. "दोन राजे हातात धरून तुझी मोठी म्हणून सांगायचं, हा कुठला नियम? कधीपासून चाललंय हे?"

मी मालनवहिनींना विचारलं, चिंचोके देताना छप्पन्न मोजून कोण देतं? त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्याचा मला आणखीनच संताप आला. रडायचं मी आणि रडत होत्या त्या. मी विचारलं, पाच बुधवार मला जिंकवून तुम्हाला काय मिळालं?

"अगं, तुला जरा बरं वाटावं म्हणून," मालनवहिनी म्हणाल्या.

"बरं वाटायला मला झालंय काय?"

यावर बोलायला कुणाकडं काही नव्हतं. नव्हतं म्हणजे, होतं, आणि म्हणूनच बोलता येत नव्हतं. माझ्या नवऱ्याची बदली झालेली होती, बढतीवर. दोन खोल्यांचं घर होतं. मग शालनला बरं वाटायची गरजच काय? एक शब्द काढायचा तर आधी त्यांनी मला खोटारडी म्हणायला हवं होतं. ते त्या म्हणणार नव्हत्या. त्यांनी त्याऐवजी मला चिंचोके दिले. देवळाच्या पायरीवर बसलेल्या बाईला द्यावेत तसे मूठमूठ दिले, आणि वर मीच हुशारीनं मिळवले असं मला वाटू दिलं. दर बुधवारी मी जिन्यावरून उतरले की या दोघी माझ्याबद्दल काय बोलत असतील तेही मला ऐकू यायला लागलं. बिचारी. हा शब्द त्यांनी किती वेळा म्हटला असेल, या विचारानं माझे कान तापले.

मी उठणार होते. चपला घालून जायचं आणि पुन्हा या जिन्याची पायरी चढायची नाही, असं मनात ठरूनही गेलं होतं. तेवढ्यात हौसाक्का बोलल्या.

"डाव संपला न्हाई अजून."

त्यांची पानं तशीच पालथी होती. एवढं सगळं होईपर्यंत बाईची सुपारी कातरून झाली होती.

मी म्हटलं, आता कसला डाव. सगळ्यांची पानं उघडी पडलीत.

"माजी कुटं पडलीत? तुजी कुटं पडलीत?" त्यांनी आपली तीन पानं उचलली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि मिटली. "ह्या दोघी पॅक. ऱ्हायलो दोघी. चाल तुजी हाय. टाकतीस का उठतीस?"

या बाईचा मला इतका राग आला की त्या दोघींचा राग क्षणभर मागं पडला. स्कूटरबद्दल विचारणारी हीच. आज मी सगळ्यांसमोर उघडी पडत असताना हिला आपल्या चिंचोक्यांची काळजी. माझ्या हातात दुर्री, पंजी आणि नव्वी होती. पॅक केलं तर कुणी माझी पानं बघणार नव्हतं. मी काहीतरी मोठं घेऊन बसले होते आणि रागानं टाकून गेले, असंच सगळ्यांनी धरलं असतं. बदलीचंही तसंच राहिलं असतं. त्या दोघी जन्मात कधी विचारणार नव्हत्या. उठून जायचं एवढंच काम होतं. मान वर करून जाता आलं असतं.

आणि चाल केली तर हौसाक्का बघितल्याशिवाय राहणार नाहीत, हेही मला माहीत होतं. पाच बुधवारांत त्यांनी मला एकदाही सोडलं नव्हतं.

मी पुढ्यातला सगळा ढीग दोन्ही हातांनी मधे ढकलला. साठाच्या वर असतील. काही चिंचोके गादीवरून घरंगळत खोक्यांपाशी गेले. ते कुणी उचलले नाहीत.

मला वाटत होतं की बाई आता तरी पॅक करील. एवढी चिकट बाई चिंचोक्यांच्या ढिगापुढं घाबरेल. पानं नसताना एवढं कोण टाकतं? मनातून मी तिला म्हणत होते, टाक, टाक ती पानं. आणि त्याच वेळी तिनं ती टाकली तर मी तिचं तोंड पुन्हा बघणार नाही, असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. राग आला की माझं असंच होतं.

हौसाक्कांनी माझा ढीग मोजला. दहा-दहाच्या चळती लावून मोजला. मग आपल्या पुढ्यातून तेवढेच चिंचोके मोजून काढले आणि ढिगाला लावले. त्यांच्यापुढं चार उरले.

"शो," त्या म्हणाल्या.

आमच्यात शो मागितला की जिच्याकडं मागितला तिनं आधी दाखवायचं. मी पानं छातीशी धरून बसले. पाठकबाई हळूच म्हणाल्या, "आक्का, जाऊ द्या आता. तिचं मन ठिकाणावर नाही."

"तिचं मन ठिकाणावर हाय," हौसाक्का त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या. "तुमीच तिला गेले पाच बुधवार येडी ठरीवलीय. शालन, शो म्हनलं मी. दाव."

"काय दाखवू?"

"जे आसंल ते."

मी पानं उलटी करून गादीवर ठेवली. दुर्री, पंजी, नव्वी. तीन रंगांची, कशाचा कशाला मेळ नाही.

"काही नाही," मी म्हणाले. तिथंच थांबता आलं असतं. पण एकदा पानं खाली ठेवल्यावर हात रिकामे झाले होते, आणि रिकाम्या हातांनी खोटं बोलणं मला जमेना. "बदली झालेली नाही. गेलाय तो. कचेरीतल्या एका बाईबरोबर गेलाय. बढती नाही, घर नाही, काही नाही. स्कूटर जिन्याखाली आहे, कारण तिची किल्ली मी विहिरीत टाकली."

किल्लीचं मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मालनवहिनी पुढं सरकल्या, माझा हात धरायला. "आम्हाला माहीत होतं गं," त्या म्हणाल्या.

मी हात ओढून घेतला. "तुम्हाला माहीत होतं हे मला माहीत होतं. मग विचारलं का नाही? एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं की शालन, खोटं का बोलतेस?"

"कसं विचारायचं?" पाठकबाई म्हणाल्या. "तुला वाईट वाटलं असतं."

मी हौसाक्कांकडं वळले. त्यांनी अजून आपली पानं उघडली नव्हती. मी तिरसटपणे म्हटलं, "तुमचीही दाखवा की. एवढं मोजून टाकलंत, असेल काहीतरी घसघशीत."

त्यांनी एकेक पान खाली ठेवलं. चौकटचा गुलाम. इस्पिकची सत्ती. बदामची तिर्री.

पाठकबाई पुढं वाकल्या. गणिताची बाई शेवटी गणितावरच गेली. "आक्का, नुसत्या गुलामावर एवढे टाकलेत? तिच्याकडं साधी राणी असती तरी गेले असते."

"व्हय," हौसाक्का म्हणाल्या. "माज्याकडं तरी काय हाय?"

सुपारीची पिशवी त्यांनी कमरेला खोचली. मग सगळ्यांना मिळून, पण माझ्याकडं बघत त्या बोलल्या. आवाज गिरणीवर भाव सांगावा तसा होता, जरासुद्धा वर-खाली झाला नाही.

"आमचं धनी गोदीत न्हाईत. पयल्या वर्सी दोन कार्डं आली, त्येच्या फुडं न्हाई. बावीस वर्सं झाली. कुटं हाईत, जित्तं हाईत का न्हाईत, मला ठावं न्हाई. मी म्हनत ऱ्हायले गोदीत हाईत, आन समदी म्हनली, आसतील. एक बाई म्हनली न्हाई की हौसा, कार्ड दाव, पत्ता दाव. समद्यांनी आपलं पॅक केलं." त्यांनी गुलामावर बोट ठेवलं. "कुनी मागितलंच न्हाई. मग हातात धरून बसले. आता हात वळत बी न्हाई."

मालनवहिनी दोघींकडं आळीपाळीनं बघत होत्या, आता कुणासाठी रडायचं ते ठरत नसल्यासारख्या. मी त्या रुपयाएवढ्या कुंकवाकडं बघत बसले. सात वर्षं दर बुधवारी मी ते बघत होते, आणि मीही एकदा विचारलं नव्हतं. तुमचे यजमान गणपतीला आले होते का, एवढंसुद्धा नाही. मीही पॅकच केलं होतं. मला स्वतःचाही राग आला. त्या दुपारी तो तेवढा एकच यायचा राहिला होता.

हौसाक्कांनी मधला ढीग आपल्याकडं ओढला. ओढता ओढता माझ्या गुडघ्याशी पडलेला एक चिंचोकाही उचलून घेतला.

मालनवहिनी म्हणाल्या, "आक्का, आजच्या दिवस तिचे तिला परत द्या. असा डाव काय धरायचा."

"का? हरलीय ती," हौसाक्का म्हणाल्या. "माजा गुलाम व्हता, तिची नव्वी. गुलाम मोठा." मग पत्त्यांचा जोड माझ्याकडं सरकवला. शो हरणारीनं पुढची पानं पिसायची, असाही आमचा नियम होता. "पिस."

माझ्यापुढं गादी रिकामी होती. मी म्हणाले की माझ्याकडं चिंचोके नाहीत.

"मग इकत घे."

मालनवहिनींनी घाईघाईनं डबा पुढं ओढला. झाकण काढून दोन्ही मुठी भरल्या आणि लाल ठिपक्यांचे चिंचोके माझ्यापुढं ओतायला लागल्या. घे गं, पैशांचं नंतर बघू, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. माया होती त्यांच्या बोलण्यात, नाही असं नाही. मी ते सगळे चिंचोके गोळा केले आणि त्यांच्या डब्यात परत टाकले. पर्स उघडली. आत वीसची एक आणि पाचची एक नोट होती. त्या आठवड्याचं पिकोचं तेवढंच राहिलं होतं. दोन्ही नोटा काढून डब्याशेजारी ठेवल्या.

"पन्नास द्या," मी म्हणाले. "मोजून."

त्यांनी मोजायला सुरुवात केली. मीही त्यांच्या बोटांबरोबर मोजत होते, हौसाक्काही मोजत होत्या. पन्नासला त्या थांबल्या. मी पानं पिसायला घेतली.